चोवीस घरं, तेवीस सह्या

३ मार्च, सकाळी ६.४०
शहरात फायबरचं इंटरनेट येतंय. गल्लोगल्ली खणाखणी सुरू. आमच्या बिल्डिंगचा प्रतिनिधी म्हणून माझी एकमताने निवड झाली. (सभेला मी, बायको आणि वॉचमन. वॉचमनला मत नाही, पण त्याने मान हलवली.) चोवीसपैकी निदान वीस घरांच्या सह्या हव्यात, महिनाअखेरच्या आत. नाहीतर कंपनी पुढच्या गल्लीत जाणार आणि आपला नंबर पुढच्या वर्षी.

एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीत बसून लोकांचे अर्धवट अर्ज परत केलेत मी. फॉर्म भरणं म्हणजे माझ्या हातचा मळ. संकल्प: आठ दिवसांत काम फत्ते.

३ मार्च, संध्याकाळी
लेकीचा फोन. ऑफिसने सहा महिने घरून काम करायची परवानगी दिली, पण नेट पक्कं हवं. मागच्या वेळी आमच्या जुन्या कनेक्शनवर, ऐन मीटिंगमध्ये, साहेबांसमोर स्क्रीनवर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी बॅग भरून निघून गेली. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून राहायला अशी आलीच नाही.

मी सांगून टाकलं, दहा एप्रिलचं तिकीट काढ, तुझा बाप बसलाय इथे. बायकोने लगेच लेकीची खोली झाडायला घेतली.

५ मार्च
सह्या दोन. शिवाय व्यायाम म्हणून लिफ्ट न वापरण्याचा संकल्प. दुसऱ्या मजल्यापर्यंत पाळला.

९ मार्च
सह्या सहा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना पाऊण तास समजावलं की काचेच्या केसाएवढ्या तारेतून प्रकाश धावत येतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग घरातले बल्ब बदलावे लागतील का. सही मात्र केली. वक्तृत्व अजून शाबूत आहे. (बायकोच्या मते, मी एकदाचं उठावं म्हणून केली.)

११ मार्च
आठ दिवस संपले. आठ म्हणजे कामाचे आठ, असं मला म्हणायचं होतं.

१४ मार्च, दुपारी
तळमजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर. माणूस म्हणजे खडूस. जिन्याच्या भिंतीवर त्यांनी एक मोठं झाड रंगवलंय आणि केबल नेमकी तिथूनच वर जाणार. म्हणाले, माझ्या झाडाला भोक पाडलंत तर याद राखा. मी प्रगतीवर बोलू लागलो. त्यांनी दार लावलं. माझा पाय उंबऱ्यावर होता.

पाय गरम पाण्यात. मास्तरांशी जन्मात बोलणार नाही.

१७ मार्च
बायको म्हणाली, मी बघते. गेली आणि पाच मिनिटांत सही घेऊन आली! तिने फक्त विचारलं म्हणे, मास्तर, भोक कुठे पाडलं तर शोभेल? त्यांनी स्वतः पेन्सिलने खूण करून दिली. तिथे आता पक्ष्याची ढोली काढणार आहेत.

अर्थात जमीन मी नांगरून ठेवली होती.

२५ मार्च
सह्या तेवीस!! कुणी पाठकोऱ्या कागदावर दिली, कुणी घर नंबरच लिहिला नाही. सगळा गठ्ठा टाचून खाली प्रतिनिधी म्हणून माझी लफ्फेदार सही ठोकली. एक घर कुठलं राहिलं ते शोधत बसलो नाही. असेल कुणीतरी आळशी. अशा लोकांमुळेच शहरं मागे राहतात.

बायको म्हणाली, देण्याआधी यादी एकदा वाचून बघा. मी! यादी वाचू! हसूच आलं. गठ्ठा तसाच कंपनीत नेऊन दिला.

२ एप्रिल
जुनं कनेक्शन बंद करून टाकलं. जुन्या कंपनीच्या माणसाने विचारलं, नवीन लागल्यावर नाही का बंद करायचं? म्हटलं, मी मागे वळून बघणाऱ्यांतला नाही.

७ एप्रिल, सकाळी ११
कंपनीची इंजिनिअर बाई आणि दोन कामगार आले. घरोघरी जोडणी चालू. मी जिन्यात उभा राहून मार्गदर्शन करतोय. त्यांनी दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. आमचं दार सोडून पुढे गेले. बरोबरच आहे, यजमान शेवटच्या पंगतीला बसतो. सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला.

७ एप्रिल, सायंकाळी ५.१०
आमच्याकडे न येताच गाडी निघाली. मागून रस्त्यापर्यंत धावलो. बाईंनी खिडकीतून गठ्ठा दाखवला. रहिवाशांच्या सह्या तेवीस. माझं नाव फक्त प्रतिनिधीच्या जागी. प्रतिनिधीकडे वायर ओढत नाहीत. मी म्हटलं, आता करतो सही, पेन खिशातच आहे. त्या गोड हसून म्हणाल्या, मुदत संपली काका, आणि तुमचा अर्ज अर्धवट आहे.

एकतीस वर्षं हे वाक्य मी म्हणत आलो. ऐकायला इतकं वाईट लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

८ एप्रिल
चूक फॉर्मच्या रचनेत आहे. सविस्तर पत्र लिहिणार.
बायको माझ्याशी बोलत नाहीये. लेकीला फोन करायची हिंमत नाही. मागच्यासारखी बॅग भरून परत गेली तर?

१० एप्रिल
लेक आली. बायकोने तिला आधीच सगळं कळवलं होतं. रागावली नाही, पोट धरून हसली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं. लॅपटॉप उचलला आणि मास्तरांकडे गेली. त्यांनी म्हणे पुढची खोली तिच्यासाठी रिकामी केलीय.

१३ एप्रिल, सकाळी ११.३०
लेक नऊ ते सहा मास्तरांकडे. बायकोही भाजी निवडायला तिकडेच. घर खायला उठतं. पत्र अजून लिहिलं नाही.

शेवटी खाली उतरलो. झाडाच्या ढोलीत मास्तरांनी घुबड काढलंय, थेट माझ्यासारखा चष्मा घातलेलं. लोक बघून हसतात. का ते कळत नाही.

मास्तरांच्या दाराला कागद टाचलेला: आत बसणाऱ्याने सही करावी. पहिली बायकोची, दुसरी लेकीची. तिसरी केली. मास्तरांनी चष्मा लावून तपासली. म्हणाले, घर नंबर राहिलाय. लिहिला. मग आत घेतलं.

लेक मीटिंगमध्ये होती. भराभर बोलत होती, साहेब माना डोलवत होते, तिचं तोंड एकदाही अडकलं नाही. माझं उघडं राहिलं असावं. तिने बोलता बोलताच मला ते मिटायची खूण केली.