वनिता पाचवीत गेली त्याची हकिगत

पेण,
तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस

ती. मामींस, जावई प्रविण याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या प्रत्यक्षात वाकता येत नाही, म्हणून पत्रातच वाकून घेतो.) तुमची तब्येत बरी असेल, आणि मामांचा गुडघा नव्या तेलानं जरा तरी ऐकू लागला असेल. धाटावच्या कंपनीनं इतकी वर्षं त्यांना उभं ठेवलं, आता गुडघा बसून राहतो म्हणाला तर त्याचं काही चुकलं नाही. इकडे दिपिका बरी आहे. तिनं कळवायला सांगितलंय की मी हल्ली उठल्यासुटल्या चिडतो. तिचं खरं आहे. पण मामी, न चिडून करू काय? मला कोरोना झाला तो एकदाच. शिक्षण खात्याची पत्रकं मात्र रोज होतात, आणि त्यावर अजून लस निघालेली नाही.

आधी विशालरावांची तक्रार निकालात काढतो. तुमच्या धाकट्या जावयाला मी वर्गात कोंडलं, असं ते गावभर सांगत फिरतात म्हणे. त्याचं असं झालं. गेल्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाली, ती थोड्या दिवसांपुरती असं सांगितलं होतं. मी आपला फळ्यावर 'पाढे पाठ करून या' लिहून कुलूप लावलं. दुसऱ्या आठवड्यात मला खांब गावच्या नाक्यावर उभा केला, हातात ते ताप मोजायचं पिस्तूल देऊन. उन्हात ते पिस्तूल कुणाला काय दाखवेल याचा नेम नसायचा. एका टेंपोवाल्याचं अंग त्यानं इतकं थंड दाखवलं, की कागदोपत्री तो मेलेलाच होता, आणि माझ्यासमोर तंबाखू मळत होता! तिथून सुटका झाली ती माझ्याच शाळेवर, कारण मुंबईहून येणाऱ्यांना तिथं ठेवायचं ठरलं, आणि पहिले पाहुणे कोण, तर आमचे साडू. तिसरीच्या बाकावर त्यांचे पाय मावेनात, त्याला मी काय करू? भाकरी दाराखालून सरकवली हे खरं, बाहेरून कडी लावली हेही खरं. पण कडी मी नियमानं लावली, साडू म्हणून नाही.

मग फर्मान निघालं, शाळा बंद असली तरी शिकवणं बंद पडता कामा नये. रोज सकाळी मोबाइलवर अभ्यास येणार, तो गुरुजींनी पालकांना पाठवायचा, पालकांनी पोरांना दाखवायचा. कागदावर सगळं झकास. आमची शाळा जिते गावाच्या वरच्या अंगाला, कातकऱ्यांच्या वाडीत. अख्ख्या वाडीत मोठा मोबाइल एकच, वाळू नावाच्या एका कातकऱ्याचा, त्याची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलेली, आणि रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढायचं. मी तसं कळवलं. उत्तर आलं, प्रत्येक मूल मोबाइलवर अभ्यास करत असल्याचा फोटो पाठवा. आता बोला! मी पोरांना आंब्याखाली एकेक करून बसवलं, वाळूचा मोबाइल एकाच्या हातात दिला, फोटो काढला, मोबाइल काढून घेऊन दुसऱ्याच्या हातात दिला. (वाळू बाजूला उभा राहून 'गुरुजी, बॅटरी उतरतंय' म्हणून बोंबलत होता.) वाटलं, साहेब खूश होतील. साहेबांनी फोटो मोठे करून बघितले आणि विचारलं, सगळ्या मोबाइलच्या काचा एकाच जागी कशा फुटल्या? मी लिहिलं, वाडीत दगड फार आहेत. त्यावर माझ्याकडे लेखी खुलासा मागितला, तो अजून द्यायचा आहे.

मोबाइलचा नाद सोडून मग मी कर्णा आणला. त्या वर्षी पेणमध्ये मोठे मंडप नव्हते, त्यामुळे मंडपवाल्या आदेशचे कर्णे धूळ खात पडले होते, त्यानं एक फुकट दिला. तो मी वाडीतल्या वडाला बांधला आणि सकाळी धडे वाचायला लागलो. आवाज वाडीभर पोचला, पोरंच पोचली नाहीत, कारण रोजगार बुडालेला आणि सगळी पोरं आईबापांबरोबर खाडीला चिंबोऱ्या धरायला. घरी उरल्या म्हाताऱ्या. त्यातली ठमाबाई रोज वडाखाली पाय पसरून बसायची. एके दिवशी कर्णा बिघडला म्हणून गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी तिनं मला अडवलं, "गुरुजी, त्या राजाचा फुडं काय झाला वो? अर्ध्यावर सोडून गेलाव, मना झोप नाय." एवढ्या सगळ्या खटपटीत माझा नियमित विद्यार्थी म्हणजे ही एक म्हातारी, आणि तिचं नाव हजेरीपटावर नाही.

खरा डोक्याला ताप म्हणजे वाळूची पोरगी वनिता. तेव्हा चौथीतली. नाक वाहतंय, केसाला तेल नाही, आणि जिभेला हाड नाही. ही बापाचा मोबाइल पळवून टाकीवर चढायची आणि तिथून मला आवाजातले निरोप धाडायची. मी तोंडात ब्रश घालतो न घालतो तोच, "गुरुजी, धडा झाला, फुडचा?" संध्याकाळी चहाचा कप उचलला की, "गुरुजी, तुमी घातलेला गणितच चुकीचा हाय." (होतं. पण सांगायची काही रीत?) मला कोरोना झाला, पेणच्या दवाखान्यात नाकात नळी घालून पडलो होतो, शेजारच्या खाटेवरचा माणूस सकाळी होता तो दुपारी नव्हता, डॉक्टर माझ्याशी नजर मिळवत नव्हते, तेव्हा उशाखाली मोबाइल वाजला. "गुरुजी, हाव ना? का गेलाव? गेला असाल तर दुसरा गुरुजी कवा येल?" मामी, मी हसलो, आणि मग त्या वॉर्डात तोंडावर चादर घेऊन ढसाढसा रडलो. मला कोणीतरी हाक मारत होतं आणि तिला फक्त पुढचा धडा हवा होता. मी तो तिथूनच पाठवला.

यंदा सगळी पोरं परीक्षा न देता वरच्या वर्गात गेली. चौथीच्या बाकावर एक दिवस न बसता वनिता पाचवीत गेली. तिच्याबरोबर जी बाकीची गेली, त्यातल्या निम्म्यांना आता स्वतःचं नावही धड लिहिता येत नाही. मी शिकवलेलं सगळं पुसून गेलं, मामी. मला कुणी विचारलं, या दीड वर्षात गुरुजी म्हणून काय केलंत, तर मी फोटो काढले एवढंच सांगता येईल. आता पाचवीपासून पुढचे वर्ग उघडले, पण आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवी हायवेपलीकडे, लांब. एसटी संपावर. मुलींचं वसतिगृह कधी उघडणार म्हणून विचारायला तीनदा गेलो, तर उत्तर एकच, सूचना आल्या की. शाळा तेवढी उघडली, तिथं जाऊन पोचायची सोय तेवढी बंद.

वाळूला म्हटलं, पोरीचं काय करणार? तो म्हणाला, "तुळशीचा लगीन झाला का भट्टीची गाडी येतंय. आमी समदी जानार. तिला वाडीत कोनाच्या जिवावर ठेवू, गुरुजी?" वीटभट्टीवर घरच्या घर जातं ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत, पाचवीच्या वयाची पोरगी भट्टीवर गेली आणि परत येऊन वर्गात बसली, असं मी एकदाही बघितलं नाही. थोड्या वर्षांनी भेटतात त्या कडेवर मूल घेऊन, आणि लाजून म्हणतात, गुरुजी, ओळखलाव का? मी ओळखतो. मला ते ओळखणं आता सहन होत नाही.

असो. फार रडगाणं झालं. मामांना नमस्कार, शेजारच्या मंडळींना आठवण सांगा. मी स्वतः आलो असतो, पण लस न घेतलेल्यांची घरोघर मोजणी माझ्या गळ्यात पडली आहे.

आपला थोरला जावई,
प्रविण

ता.क. हे पत्र विशालरावांच्या कानावर घालू नका. कडी मी साडू म्हणूनच लावली होती.

आणखी ता.क. मागच्या अधिक महिन्यात लॉकडाऊनमुळे जावयाचं वाण राहिलं, ते तुमच्या मनाला लागून आहे आणि दर फोनला तुम्ही विचारता, काय घेऊ? मी दर वेळी काही नको म्हणतो. हवंय. अंगठी नको, कपडे नकोत. भाड्यानं राहणारी कंपनीतली पोरं सोडून गेल्यापासून तुमची मागची खोली रिकामी आहे आणि मुलींची शाळा तुमच्या आळीच्या टोकाला आहे. वनिताला पावसाळ्यापर्यंत ठेवून घ्या. मी ठेवली असती, पण आमच्या एका खोलीत बाबांचा पलंग आहे आणि उरलेल्या जागेत आम्ही चौघं. कातकऱ्याची पोर घरात घेतली म्हणून आळीत कोण काय बोलेल, ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही. जावयाचा जो काही मान असेल, तो यंदा सगळा तिच्या पानात वाढा.

शेवटचा ता.क. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला वाचायची मनाई आहे आणि मामा दुपारी घोरत असतात, हे धरूनच पत्र टपालात न टाकता माणसाहाती पाठवलं. ओट्यावर बसून इथपर्यंत तुम्हाला जी वाचून दाखवते आहे, तीच वनिता. वाळू फाटकाबाहेर उभा असेल. तुम्ही नाही म्हणालात तर तो तिला घेऊन जाईल आणि भट्टीच्या गाडीत बसवेल. वनिता, नाकाचं आणि जिभेचं लिहिलं म्हणून फुगू नको. एकच ओळ राहिली. ती पुटपुटायची नाही, गाळायची नाही. मान वर कर, मामींकडे बघ आणि मोठ्यानं वाच: आजी, मना भट्टीवर नाय जायाचा. मना ठेवून घ्या.