पाठीवरचा हात

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, हे मला इथे बसून दिसतंय. काय करू? फोनवर मामांचं नाव काढलं की तुझ्या दुकानात लगेच गिऱ्हाईक येतं. इतकी गिऱ्हाइकं खरंच येत असती, तर एव्हाना अख्ख्या गावाच्या नाकावर तुझे चष्मे असते. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. लहानपणी माझी चिठ्ठी वाचल्याशिवाय तुला जेवण गोड लागायचं नाही, ते मी विसरलेले नाही.

आधी मामींची खुशाली सांगते. त्या बऱ्या आहेत, गुडघे कुरकुरतात, पण जिना चढायचं सोडत नाहीत. छापखाना अजून खालीच आहे आणि शाईचा वास अजून वर योगाच्या वर्गात येतो. तू गेलीस तेव्हा खिडकीची जी काच तडकली होती, ती तशीच आहे. मामा रोज म्हणतात, बदलू. चटया मात्र नव्या आहेत. आणि त्यांतल्या पहिल्या ओळीतल्या खिडकीजवळच्या चटईवर, तुझ्या जागी, मी असते. शिकवायचं शिक्षण घ्यायला आले तेव्हा मामांनी बजावलं होतं, घरी मी मामा, वर्गात सर. एकदा तोंडून मामा निघून गेलं, तर सगळ्यांसमोर पहिल्या आसनापासून पुन्हा सुरू करायला लावलं. तुझा बाप तो, तुला काय सांगायचं?

या शिक्षणाने मला काय दिलं हे मी कुणाला नीट सांगू शकले नाही. आईला वाटतं, पोरगी हातपाय वाकडे करायला शिकते. पण तुला कळेल. पुढचं आसन मागून मिळत नाही, शरीर तयार झालं की सर आपणहून देतात. आणि देतात ते तोंडाने नाही, हाताने. पाठीवर त्यांचा तळवा आला की डोळे मिटायचे आणि गप्प राहायचं. हाताखाली बोलायचं नाही, हा या वर्गाचा पहिला नियम. आपण श्वास सोडतो तेव्हा त्यांच्या तळव्याला कळतं आणि त्याच क्षणी ते दाबतात, त्याआधी नाही आणि नंतरही नाही. मी कितीतरी वेळा पुढे वाकून रडले आहे, दुखलं म्हणून नव्हे, कुणीतरी आपल्याला इतकं नीट ओळखतं म्हणून. शिकवायची परवानगी मिळाली की इथे म्हणतात, सरांनी हात दिला. येत्या रविवारी माझी परीक्षा आहे. जमलं तर मला हात मिळेल आणि सकाळचा नवशिक्यांचा वर्ग माझा होईल. याहून मोठं काही मी आजवर मागितलेलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. अजून माझ्याच्याने धड उच्चारवत नाही, म्हणून थोडं आडवळणाने येते. मागच्या हिवाळ्यात मामांनी उकळत्या चहाचं पातेलं चिमट्याशिवाय उचलून ओट्यावर ठेवलं. शांतपणे, बोलता बोलता. मी ओरडले तर माझ्याकडे बघायला लागले, हिला काय झालं म्हणून. बोटांवर फोड आले होते. ते म्हणाले, सरावाने कातडी जाड होते. मी मान डोलावली. मग लक्षात आलं, की त्यांच्या शर्टाची बटणं हल्ली मामी लावून देतात, तेही दार लोटून घेऊन, जणू काही चोरीच चालली आहे. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्गात मी पुढे वाकले असताना त्यांनी मला श्वास घेताना दाबलं.

ताई, त्यांनी असं आजवर कधीच केलं नव्हतं. फासळ्यांत कळ उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी काय केलं माहीत आहे? श्वास जरा मोठ्याने सोडला. त्यांना तो ऐकू आला आणि त्यांनी बरोबर वेळेवर दाबलं. मला इतकं हायसं वाटलं! वाटलं, आपण त्यांची अब्रू राखली. मग बघते तर शेजारची परिचारिकाही मोठ्याने श्वास सोडते आहे, तिच्या पलीकडचे निवृत्त मास्तरही. कुणी कुणाशी एक शब्द बोललेलं नाही, आणि अख्खा वर्ग लोहाराच्या भात्यासारखा फुसफुसतो आहे. खालचा छापखानेवाला एकदा वर येऊन विचारून गेला, पंप बसवलात का. आम्ही हसलो, मामाही हसले. त्यांना वाटतं, आपले हात पूर्वीसारखेच आहेत. उलट अलीकडे विद्यार्थ्यांचे श्वास छान मोकळे झालेत, असं म्हणाले परवा. आम्हीच त्यांना आंधळं ठेवलं, आणि तेही मायेपोटी.

ही झाकली मूठ तशीच राहिली असती. पण गेल्या महिन्यात कोपऱ्यावरचा बेकरीवाला वर्गाला यायला लागला. भला माणूस, पहाटेपासून कणीक तिंबून खांदे दगडासारखे झालेले. त्याला कुणी काही सांगितलं नाही. काय सांगणार? सरांना कळत नाही, तू मोठ्याने श्वास सोड, असं? तो बिचारा नियमाप्रमाणे डोळे मिटून, आवाज न करता बसला. मामांनी त्याचे हात मागून धरून वर उचलले. खांद्यातून जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. नियम म्हणजे नियम, त्याने हूं की चूं केलं नाही. आता त्याचा हात गळ्यात आहे आणि बेकरीत त्याची बायको भट्टी सांभाळते. मी भेटायला गेले तर तोच मला म्हणाला, माझंच अंग आखडलेलं, सर काय करणार. मामाही घरी तेच म्हणाले. पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

मी मामींशी बोलले. त्या म्हणाल्या, तुझी परीक्षा होऊ दे, मग बघू. डॉक्टरांनी नसांचं काहीतरी सांगितलं होतं म्हणे, पुढच्या तपासणीला हे गेलेच नाहीत. मग धीर करून मामांशीच बोलले, वर्गात नव्हे, घरी, चहा पिताना. हात दाखवून या, इतकंच म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, या हातांनी मी माणसं वाचतो, ते मला तू शिकवणार? आणि उठून गेले. त्यांचा राग मला परवडला असता गं. पण जाताना त्यांनी दाराची कडी दोनदा चाचपली, आणि मला तिथेच रडू फुटलं.

रविवारचं आता ऐक. परीक्षेचं शेवटचं आसन तुला माहीत आहे. उभ्याने मागे वाकून हात जमिनीला टेकवायचे, मग सर कमरेला धरून आणखी आत नेतात, हात घोट्यांपर्यंत येईस्तोवर. सगळा भार त्यांच्या हातांवर. आणि परीक्षेत श्वास ऐकू आला तर नापास, कारण तयार शरीराचा श्वास बाजूच्यालाही कळत नाही, असं सर म्हणतात. म्हणजे तिथे भाता चालणार नाही. मोठ्याने श्वास सोडला तर हात मिळणार नाही. गप्प राहिले तर माझा कणा अशा हातांत आहे, ज्यांना काही कळत नाही. इकडे आड तिकडे विहीर. आणि मी पास झाले, तर ते मोकळे होऊन वयस्कर बायकांना मागे वाकायला शिकवणार आहेत, सोमवारपासूनच. तशी पाटी त्यांनी खाली लावलीसुद्धा. त्या बायकांत परिचारिकेची आई आहे. मला भीती वाटते, ताई. स्वतःची वाटते, पण त्याहून जास्त त्यांची वाटते. बेकरीवाल्याचा खांदा बरा होईल. उद्या एखादीची मान गेली, तर ते जगणार नाहीत.

तुझी गोष्ट मला मामींनी सांगितली, अगदी अलीकडे. या खोलीत हाताखाली आजवर एकच माणूस बोललं, आणि ती तू. गुडघा दुखत होता म्हणून तू म्हणालीस, बाबा, थांबा. त्यांनी हात काढून घेतले, तुला बाहेर जायला सांगितलं, आणि पुन्हा कधी शिकवलं नाही. तुला ते उर्मट म्हणाले. तेव्हा त्यांचे हात खरंच जाणते होते, पण गुडघा तुझा होता. मी खूप विचार केला आणि ठरवलं आहे. रविवारी ते मला कमरेला धरतील, तेव्हा मी मोठ्याने श्वास सोडणार नाही आणि गप्पही बसणार नाही. सगळ्यांसमोर म्हणणार आहे, मामा, थांबा. सर नाही, मामा. कदाचित मलाही बाहेर काढतील. काढू देत, मी जिन्यात बसून राहीन. पण खरी भीती वेगळीच आहे. हात त्यांना काही सांगणार नाहीत, तेव्हा कानांनीच ऐकावं लागेल, आणि मागे वाकलेल्या माणसाच्या घशातून आवाज फार बारीक निघतो. म्हणून तुला लिहिलं. शनिवारच्या गाडीने निघ. वर्गाच्या दाराची कडी अजून नीट लागत नाही, ढकललंस की उघडेल. माझ्या चटईशेजारी येऊन उभी राहा, आणि मी म्हणेन तेव्हा तूही म्हण. एकीचं त्यांनी ऐकलं नव्हतं. दोघींचं ऐकतील.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
धाकटी