कायम कधी करणार?

बाबा, गेल्या आठवड्यात मी निवृत्त झाले. ऑफिसातल्या पोरांनी केक आणला होता. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, तुमची पहिली ऑफर काय होती?" मी पगाराचा आकडा सांगितला तसे सगळे हसले, मीही हसले. पण ती ऑफर म्हणजे नुसता आकडा नव्हता, आणि हे माझ्याशिवाय फक्त तुम्हाला कळलं होतं.

घाटकोपरच्या डोंगरावरची आपली खोली आठवते. संपात बंद पडलेली तुमची गिरणी परत उघडलीच नव्हती आणि तुम्ही कुर्ल्याला एका गोदामावर राखणदारी करत होता. मी बी.एस्सी. होऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि अंधेरीच्या एका कंपनीने मला प्रोग्रामर ट्रेनी म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. आई स्टोव्हपाशी भाकऱ्या थापतेय, मी कंपनीचं इंग्रजी पत्र मराठीत करून वाचतेय. आकडा ऐकून आईचा हात थांबला. तुमच्या गोदामाच्या पगाराच्या दुप्पट होता तो. "झकासच की गं!" ती म्हणाली. मग मी फोड करून सांगितली. त्यात घरभाडं आलं, जेवणाचे पैसे आले, फंड कापून हातात येणार ते बरंच कमी. तरीही पुष्कळ होतं. औषधपाण्याचा खर्च कंपनी देणार होती, घरच्यांचासुद्धा, पण तो मी कायम झाल्यावर. शेवटच्या पानावर बाँड होता: तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर ट्रेनिंगचा खर्च भरून द्यायचा.

"आणि तुका पर्मनंट कधी करतले?" तुम्ही विचारलंत.

मी पानं उलटून पाहिली. ट्रेनिंग एक वर्षाचं, कंपनीला वाटल्यास वाढवता येईल, एवढंच होतं. किती वाढवणार, ते नव्हतं. तुम्ही म्हणालात, "माका गिरणीत वर्सानुवर्सां बदली कामगार म्हणान ठेवल्यानी. रोज सकाळी दारात उभ्या रव्हायचां. आत घेतल्यानी तर पगार."

"पण बाबा, विचारलं आणि त्यांनी नोकरीच काढून घेतली तर?"

"ता माका म्हायत नाय. नोकरी तुजी. तूच ठरव."

आई चिडली. "हातातलं घालवायला शिकवताय पोरीला!" तिचं चुकत नव्हतं. धाकट्याची फी भरायची होती, दुकानात उधारी होती. मी दोन दिवस ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग म्हटलं, विचारते.

तुम्ही रजा टाकून माझ्याबरोबर अंधेरीच्या बसमध्ये बसलात. कंपनीच्या फाटकाशी मात्र थांबलात, समोरच्या चहाच्या टपरीवर. मी एकटी वर गेले. भरतीचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "फ्रेशर लोक असं काही विचारत नाहीत हो."

"सर, मी तीन वर्षं जाणार नाही, असं तुम्हाला लिहून देतेय. तुम्ही मला कायम कधी करणार, तेवढं तुम्हीही लिहून द्या ना."

साहेब पत्र घेऊन आतल्या केबिनमध्ये गेले. मी बसून राहिले. काचेपलीकडे थंडगार खोलीत कॉम्प्युटरचं मशिन घरघरत होतं, आणि माझ्याच वयाची दोन मुलं त्याच्यासमोर कशावरून तरी जोरजोरात भांडत होती. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या हातातल्या पत्रावर एक ओळ टाइप केलेली होती: वर्षाअखेर कामाची परीक्षा होईल, पास झाल्यावर कायम केलं नाही तर बाँड रद्द. "पगार मात्र एक रुपया वाढणार नाही," ते म्हणाले. मी सही केली.

वर्षाने मी कायम झाले. त्यानंतर आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन कंपनीच्या खर्चाने झालं, आणि पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा तुमच्याकडे बघून म्हटलं, "केवढे वाळलात हो!" तुम्ही किती हसलात तेव्हा. पुढे मी स्वतः नव्या मुलांना पत्रं देऊ लागले. कायम करण्याची अट मी पहिल्याच पानावर लिहायची. तोवर तुम्ही नव्हतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "माजां चेडू जराय भियाक नाय." बाबा, तुमची ही पोर जिना चढताना चांगलीच भ्याली होती. साहेबांनी नाहीच म्हणावं, मी तुमच्याबरोबर बसने घरी परत जावं, असंही एकदा वाटून गेलं होतं. पण तुम्ही इतक्या खात्रीने बोललात की ते खोडून काढायचा मला धीरच झाला नाही.