सातच्या बाई

१७ नोव्हें., बुध.
"आलं का?" "गेलं!" "आता?" "थांबा, तिथेच थांबा, हलू नका!"
वर गच्चीत अँटेनाला धरून मी, खाली खिडकीत मालती. डोंबिवलीत नवे राहायला आलो तेव्हाची तिची ती खणखणीत हाक आज सकाळपासून कानात आहे. म्हणून गच्चीवर गेलो, अँटेना फिरवली, खाली येऊन पाहिलं. पडद्यावर मुंग्याच. पुन्हा वर, पुन्हा खाली. खिडकीतून कोण सांगणार? ती ताटासमोर बसलेली. "सातच्या बाई अजून कशा आल्या नाहीत हो?"

१८, गुरु.
आठवण विरत गेली तसं मालतीनं टीव्हीवरच्या सातच्या बातम्यांच्या बाईंना पाहुणी करून टाकलं. त्या नमस्कार म्हणाल्या की ही हात जोडते, मग पहिला घास. पाहुण्याआधी जेवायचं नाही, हे राजापूरच्या माहेरचं वळण. माझं नावसुद्धा गेलं, हे तेवढं राहिलं.
आज अर्धा कप दूध. बस्.

२०, शनि.
गच्चीवर सेक्रेटरींनी पकडलं. "काका, उतरा खाली! हवेतून यायचं ते प्रक्षेपणच बंद केलंय आता. पेपर वाचत नाही का?"
वाचतो. पुरवणीतल्या कविता.

२३, मंगळ.
आमचा नितीन बाळकुमहून सेट-टॉपचा डबा घेऊन आला. आमच्या टीव्हीला त्याची वायर लागेल असं भोकच नाही. विठ्ठलवाडीचे मेकॅनिक कसलासा जोड लावून गेले. चित्र आलं, माणसं काकडीसारखी लांबट. आपली वाहिनी त्यात सापडेना, म्हणून दुसरीवरच्या बातम्या लावल्या. तिथली बाई उभी. चालते काय, हातवारे काय.
"ही उभी का? बसायला सांगा तिला. बसली की जेवू."
नितीन हसला. मग मला गॅलरीत नेलं. "बाबा, डॉक्टर नाकातून अन्नाची नळी घाला म्हणतात. आमच्याकडे चला. तुम्हाला एकट्याला नाही जमणार हे."
आई त्याचीही आहे.

२५, गुरु.
टीव्हीशेजारी खुर्ची मांडून मीच बसलो. इस्त्रीचा शर्ट. नमस्कार म्हटलं, आणि चौथीच्या पुस्तकातली मोराची कविता घेतली. तिसरं कडवं मी नेहमी मुद्दाम चुकवायचो, कारण ते दुरुस्त करताना मालती काय दिसायची...
चुकवलं. तिची नजर टीव्हीवर.
मग म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला व्हा. पाहुण्यांना वाट द्या."

२७, शनि.
मा.ची बांगडी कोपरापर्यंत सरकते. काल पेज थुंकली. आज चमचा पाहून तोंडच फिरवलं.
नितीनला फोन केला. हो म्हटलं. मंगळवारी गाडी.

२९, सोम.
तिच्या साड्या भरल्या. कुठल्या न्यायच्या? तिथे नळी लावून साडी नेसवतात की

बेल वाजली म्हणून उठलो होतो. आता ओट्यापाशी उभ्यानं लिहितोय, आमटी गरम होईपर्यंत. दारात पालिकेच्या बाई, खांद्याला पिशवी. "घरात ताप-खोकला कुणाला?" मी नाही म्हणेपर्यंत आतून मा. : "आल्या का? अहो, त्यांना आत घ्या, उन्हातून आल्यात." बाहेर मिट्ट काळोख, सात वाजत आलेले.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दार पूर्ण उघडलं. त्याच म्हणाल्या, "पाणी मिळेल का, बाबा?" आणि आत येऊन तिच्यासमोर बसल्या. मा.नं पदर सारखा केला.
दोन ताटांत भात वाढलाय. बाहेर मा.चा आवाज, कधी नव्हे तो हुकमाचा : "आधी तुम्ही घ्या."
"अहो आजी, मला अजून वरचे मजले करायचेत."
"आधी तुम्ही."
आमटी उकळली. बाहेर त्या बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज.