घराखालच्या वायूची नळी न बुजवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
घनकचरा व हवामान विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या राहत्या घराच्या छपरावरील नळी उद्या सिमेंटने बुजवू नये, याबाबत कळकळीची विनंती.

संदर्भ : आपल्या विभागाने आमच्या दाराला चिकटवलेली नोटीस (काढताना खालचा कोपरा दारालाच राहिला, त्यामुळे जावक क्रमांक देता येत नाही).

महोदय,

मी खाली सही करणारा व्यवसायाने वेल्डर असून, पुढच्या खोलीत दुकान व मागच्या खोलीत संसार अशा रीतीने पत्नी, मुलगा, सून व तान्ह्या नातीसह राहतो. उद्या सकाळी आपले पथक नळी बुजवायला येणार असल्याने हा अर्ज टपालात न टाकता स्वतः आणून देत आहे.

१. आमची गल्ली पूर्वी खड्ड्यात होती. घर बांधायचे तर आधी भराव हवा, आणि मातीचा भराव आम्हाला झेपणारा नव्हता. दुसरीकडे नगरपालिकेच्या कचरागाड्यांना लांबच्या डेपोपर्यंत जायचा कंटाळा होता. त्यामुळे दोघांचीही सोय झाली. गाडी आपल्याच जागेवर उलटावी म्हणून गल्लीतला प्रत्येक जण ड्रायव्हरला चहा पाजत असे. माझ्या पत्नीच्या हातचा चहा त्याला विशेष आवडल्याने आमचा भराव गल्लीत सर्वांत जाड झाला. त्या वेळी आम्हाला याचा अभिमान होता.

२. हा भराव म्हणजे सगळ्या गावाच्या स्वयंपाकघरांतला कचरा होता. भाजीची देठे, साली, शिळेपाके, सगळे गाठी मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. वर हातभर माती आणि त्यावर आमची फरशी. असा ओला कचरा हवा न लागता कुजला की मिथेन वायू तयार होतो, तो पेट घेतो, आणि वर हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी पृथ्वी तापवतो, असे आपल्याच विभागाच्या पत्रकात छापले आहे. पत्रक चांगले आहे. परंतु माझी तक्रार पृथ्वीएवढी मोठी नाही, एका खोलीपुरती आहे.

३. एके दिवशी पत्नीने शेगडीसाठी काडी ओढली, तर फरशीच्या सांध्यातून निळी जाळाची रेघ भिंतीपर्यंत पळत गेली आणि विझली. सिलिंडर गळत असेल म्हणून तो बाहेर नेऊन ठेवला, तरी खोलीतला कुजका वास जाईना. तेव्हापासून घरात चूल नाही, शेजारचे शिजवून देतात. वेल्डरने ठिणगी पाडायची नाही म्हटल्यावर दुकानात बसून करायचे काय, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

४. माझ्या पहिल्या अर्जात 'मिथेन' हा शब्द असल्याने तो आपल्या जनजागृती कक्षाकडे गेला. दोन मॅडम आल्या. त्यांनी हिरवा व निळा असे दोन डबे दिले, कचरा कमी करण्याची शपथ दिली, 'हवामानस्नेही कुटुंब' असे प्रमाणपत्र देऊन फोटो काढला. सुनेने फरशीकडे बोट दाखवले, तेव्हा जुना कचरा योजनेत बसत नाही, योजना नव्या कचऱ्यासाठी आहे, असे कळले. दुसऱ्या अर्जावर सहायक अभियंता वायू मोजायचे यंत्र घेऊन आले. फरशीच्या भेगेजवळ यंत्र किंचाळू लागले. रस्त्यावर नेले की गप्प, आत आणले की पुन्हा बोंब. यंत्र नादुरुस्त असल्याचा शेरा मारून ते गेले. तिसऱ्या वेळी कारकुनाने नमुना मागितला. मी भेगेवर पिशवी धरून वायू भरून आणला, तर फाटकावरच्या रखवालदाराने अडवले, कारण ज्वालाग्राही वस्तू आत नेण्यास मनाई आहे. आपल्या संपूर्ण कार्यालयात माझे म्हणणे मान्य करणारा तो एकटाच निघाला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

५. दरम्यान नात जन्मली. खोलीत ती दूध ओकायची आणि नको तितकी गुंगीत पडून राहायची. सुनेचे डोके दिवसभर ठणकायचे. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. सांगायला काय जाते? शेवटी आम्ही बापलेकांनी पाणी ओतत ओतत, ठिणगी न पाडता, हाताने फरशी उकरली. मित्राच्या दुकानात जोडून आणलेली लोखंडी नळी भरावात खोल सोडली, भोवतीच्या भेगा लिंपल्या आणि तिचे दुसरे तोंड छपराच्या वर काढले. वास गेला. पोरगी आता भूक लागली की खणखणीत रडते. तिचे रडणे ऐकून माझी पत्नी हसत सुटली आणि मग तीच रडायला लागली.

६. आता आपली नोटीस म्हणते की, माझ्या घरातून विनापरवाना हरितगृह वायू सोडला जात असून मी 'उत्सर्जक' आहे. गावाचा कचरा माझ्या घराखाली आणि उत्सर्जक मी! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. नळी बुजवल्यावर वायू कुठे जाईल, असे मी नोटीस लावणाऱ्या साहेबांना विचारले. अहवालात उत्सर्जन शून्य होईल, पुढचे त्यांच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर मिळाले. साहेब, तो खोलीत येईल. भेगांवरचे आमचे लिंपण त्याला किती दिवस अडवणार?

७. मला भीती वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत हे ठाऊक आहे, पण दुसरा शब्द सापडत नाही. नळी आपल्या नावावर करून घ्या, तिच्यावर नगरपालिकेचा शिक्का मारा, वर ज्योत लावून वायू जाळायचा असेल तर आपल्या जाणकारांकडून तसे करून घ्या. माझी कशालाच ना नाही. तरीही बुजवायचीच असेल, तर मागच्या खोलीची किल्ली सोबत जोडली आहे. हुकूम देणाऱ्याने आपले लेकरू आणून एक दुपार तिथे निजवावे.

वरील शेवटचे वाक्य कृपया रद्द समजावे. रागात लिहिले गेले. कोणाचेही लेकरू तिथे निजवू नये. माझे मागणे तेवढेच आहे.

उद्या सकाळी छपरावर नळीपाशीच भेटेल असा,
आपला नम्र,
(सही)
वेल्डर, भरावावरची गल्ली, शेवटचे घर

दिनांक : पथक येण्याच्या आदल्या दिवशी

सोबत :
१. नोटीस (कोपरा नसलेली)
२. 'हवामानस्नेही कुटुंब' प्रमाणपत्र, मूळ प्रत, परत
३. किल्ली (जोडली होती, काढून घेतली आहे)