ताटावरचं नाव

श्री
गंगापूर, ता. ६ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. द्वारका हिस सारजावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इथं सगळं ठीक. तुझ्या आईंच्या डोळ्याला काही फरक नाय, उजेड-अंधार तेवढा कळतो.

दुसऱ्याच्या तोंडून ऐकशील त्यापरीस मीच लिहिते. मी लग्न करते. बद्रीनाथ औताडे म्हणून एसटीत कंडक्टर होते. सहा वर्षं आपल्या खानावळीत जेवले, एकदाही भाजीला नाव ठेवलं नाय. बायको वारली, मूलबाळ नाय, आता रिटायर होऊन औरंगाबादला घर बांधलंय. तुझ्या दादाला जाऊन चौदा वर्षं झाली. मला अठ्ठेचाळीसावं लागलं. विचारत नाय, कळवते.

आई माझ्याबरोबर येणार. सासूला सोडून यायची नाय, हे औताड्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं. ते व्हय म्हणाले.

अडलंय आडनावात. रेशनकार्डावर तिघांची नावं चढवायची. कारकून म्हणतो, बाई औताडे होणार, मग या ठोंबरे म्हातारीचं नातं काय लिहू? बायकोची आधीची सासू असं त्यानं आजवर लिहिलं नाय म्हणे. मी ठोंबरेच राहिले तर आई त्या घरात एकट्या पडणार नायत. पण औताड्यांची बहीण आतापासून नाक मुरडती. तुझं म्हणणं लवकर कळव, लांबण लावू नको. माया आहे ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
सारजावहिनी

श्री
सिल्लोड, ता. १५ फेब्रुवारी १९८७

ती. वहिनीस द्वारकाचा शि. सा. नमस्कार. गं. भा. लिहावं की सौ., इथंच पेन अडलं. म्हणून दोन्ही गाळलं, रागावू नका.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. पाटाची बाई ज्याच्या घरी जाते त्याचं नाव लावते, रीतच आहे, असं हे म्हणाले. मलाही तसंच वाटतं. मी पंधराव्या वर्षी ठोंबरे सोडलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आईला इकडं आणलं असतं, पण थोरल्याचं लग्न निघालंय, घरात पाय ठेवायला जागा नाही. आई परक्याच्या घरी राहणार, हे मात्र मनाला लागतं.

एक मागणं आहे. खानावळीच्या ताटांवर दादाचं नाव घातलेलं आहे. तुम्ही औताडे झालात तर ती तुमच्या काय कामाची? दोन मला ठेवा. आईला नमस्कार सांगा. धाकटीवर होता तसाच लोभ राहू द्या.

आपली,
द्वारका

श्री
औरंगाबाद, ता. २९ मार्च १९८७

चि. सौ. द्वारका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. लग्न झालं. सह्या केल्या, पेढे वाटले, आटोपलं.

इथं आल्यावर औताड्यांनी मला खूश करायला एक उद्योग केला. मला न सांगता चार ताटं दुकानात नेली, तुझ्या दादाचं नाव घासून काढलं आणि आपलं घातलं. आईंची सवय तुला ठाऊक आहे, जेवायच्या आधी ताटाच्या कडेवरून बोट फिरवतात. अक्षर येत नाय, पण खाचा ओळखतात. त्या दिवशी बोट फिरवलं आणि ताट पुढं सरकवलं. म्हणाल्या, हे दुसऱ्याच्या घरचं ताट आहे, ज्याचं त्याला देऊन या. मी समजावलं, मग ओरडले. दोन वेळा उपाशी राहिल्या. तिसऱ्या वेळेला औताडे उठले, ट्रंकेतून जुनं ताट काढलं आणि स्वतः वाढलं. तेव्हा जेवल्या. कोण वाढतंय ते विचारलं नाय.

दुसऱ्या दिवशी मी औताड्यांना घेऊन इथल्या रेशनच्या हापिसात गेले आणि नाव सांगितलं. कारकून म्हणाला, नवरा औताडे आणि बायको ठोंबरे, असं कुठं असतं? म्हटलं, आता आहे, लिहा. आईंच्या नात्यापाशी तोही अडला. औताडे म्हणाले, आई लिहा. औताड्यांची बहीण अजून बोलत नाय. तेवढंच बरं.

तू मागितलेली ताटं मिळणार नायत. आई जेवतात तिथं ती राहतील. औताडे नावाची चार पाहुण्यांसाठी ठेवलीत, थोरल्याचं लग्न उरकलं की ये, तुला त्यातच वाढीन. जेवण झालं की आईंचं ताट मात्र तू घास, म्हणजे दादाचं नाव तुझ्याही हाताला लागंल. पत्रात सौ. लिहायला आता हरकत नाय. लोभ ठेव, आणि येताना घेऊन ये.

तुझी वहिनी,
सारजाबाई बद्रीनाथ ठोंबरे