ही ओळ पोचली तर

प्रिय सुईबाई,

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या बाबाचंच आहे, शब्द मात्र आजीचे. ‘प्रिय’ लिहिताना त्याचं पेन जरा अडलं. मी म्हटलं, प्रिय ती माझी आहे, तू नुसता लिही. खालची शेजारीण लिहून द्यायला तयार होती, पण तिच्या हातचं पत्र संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिन्याला पाठ होतं. शिवाय दुकानात सध्या काम कमी, आणि रिकामा शिंपी स्वतःच्याच बाह्या उसवत बसतो.

इकडचं म्हणशील तर, काजं करणं माझ्या डोळ्यांनी कधीच सोडलं. आता मी बटणं निवडते, बोटांनी चाचपून. तुझ्या बाबानं परवा एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. वकील आरशासमोर उभा राहिला आणि त्याला आपला उजवा हातच सापडेना. असं कधी होत नाही त्याच्या हातून. 

तुमच्या त्या कॉलेजातल्या वादाचं काय झालं गं? मागच्या खेपेला तू मला समजावलं होतंस. एक शहाणा म्हणतो, नियम तो नियम, काही झालं तरी खोटं बोलू नये. दुसरा म्हणतो, ज्यात जास्त जणांचं भलं ते करावं. तिसरा म्हणतो, आधी माणूस घडवा, वागणं आपोआप सुधारेल. आणि तुम्ही शोधताय की या तिघांचा मेळ नुसत्या बुद्धीनं बसवता येतो का, आणि मुळात माणसानं चांगलं का वागावं याचं बिनतोड कारण देता येतं का. मी विचारलं, सापडलं? तू म्हणालीस, अजून नाही. आणि त्याच दिवशी बसमध्ये कुणीतरी विसरलेली छत्री द्यायला तू त्या बाईच्या मागे पुढच्या चौकापर्यंत धावली होतीस. उत्तर सापडेपर्यंत थांबली असतीस तर छत्री आपली झाली असती.

थट्टा करते, राग मानू नकोस. शोध मात्र सोडू नकोस. विचारणारं कुणी राहिलं नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं व्हायचं.

आता तुझं नि बाबाचं. दोघांनी मला सांगितलं, काही नाही, उगाच शब्दाला शब्द लागला. तू ताटावरून उठलीस, पिशवी उचलून चालती झालीस. तेव्हापासून तुझा फोन आला की तो मुकाट्यानं माझ्या हातात देतो आणि मशीन चालवत बसतो, सुईखाली कापड नसलं तरी. अगं, माझे डोळे गेलेत, कान नाही गेले. बघ, इथं लिहिणारा थांबला. लिही रे, थांबू नकोस.

हॉस्पिटलचा कागद त्यानं मला वाचून दाखवला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचताना तीनदा ठेचकाळणारा हा माणूस तो कागद पाणी ओतावं तसा वाचून गेला: सगळं ठीक आहे, वयाचं दुखणं आहे. मग स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला, की तिला वाचता येत नाही याचा तू फायदा घेतलास. आणि त्याचा आवाज, की तिची झोप उडवून कुणाचं भलं होणार आहे. तुझा पहिला शहाणा आणि त्याचा दुसरा, माझ्याच ओट्यापाशी भांडत होते. मी बाहेर बटणं निवडत राहिले आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं. म्हणजे घरात खोटं वागणारे दोघं झाले, आणि खरं बोलणारी एकटी, ती रुसून गेली.

तर बाई, तुझ्या प्रश्नाकडे येते. मी सांगते आणि पेन खरखरतंय, एवढंच मला ऐकू येतं. काय उमटतंय ते मला कधी कळायचं नाही. त्याच्या मनात आलं तर हे सगळं गाळून ‘आजी मजेत आहे’ एवढंच लिहील. पकडणारं कुणी नाही, आणि त्याच्या हिशोबानं त्यात सगळ्यांचं भलंच आहे. तेव्हा ही ओळ तुझ्यापर्यंत पोचली, तर समज, त्यानं ती लिहिली. का लिहिली, ते तुझ्या शहाण्यांना शोधू दे. माझं काम वेगळं आहे. सोमवारी डॉक्टरांना सांगायचंय, ऑपरेशन करायचं की राहू द्यायचं; हेही तुमच्या भांडणातच कानावर आलं. ते मी ठरवणार, पण कागदात आहे ते सगळं ऐकून. रविवारी ये. कागद तू वाच, काही न वगळता. तो माझा हात धरून बसेल. ते त्याला तुझ्यापेक्षा चांगलं जमतं. मला दोघंही लागणार आहात, एक असून चालणार नाही. खाली थोडी जागा सोडायला सांगितलीय. तिथं त्याला जे लिहायचं ते लिहू दे. ते मला वाचून दाखवायची गरज नाही.

तुझीच,
अंगठा उठवून, पण पूर्ण शुद्धीवर असलेली,
आजी